मुलांचं भांडण: मध्ये कधी पडायचं आणि पडून बोलायचं काय?

ओसरी

बालवाडीत नव्याने रुजू होणाऱ्या ताईंसाठी एका पानाचं टिपण करायचं आहे. ३ ते ६ वर्षांची मुलं भांडणातून बोलून वाट कशी काढतात आणि मोठ्यांनी त्यात हात कधी घालावा, एवढाच विषय. इथे बालवाडीवाले, वाचा-उपचारवाले, आईबाबा सगळेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

सोलायला काहीतरी हवं म्हणून माझं मत आधी टाकते. आपण मोठे फार लवकर धावतो. धावलो की न्यायाधीश होतो आणि मुलं एकमेकांशी बोलायचं सोडून आपल्याशी बोलायला लागतात. कुठल्याही बालवाडीत ऐकू येईल असा हा संवाद बघा. ट्रक एक, मुलं दोन, दोघंही साडेचारच्या आसपास:

– दे ना.
– नाही, माझ्याकडे आधी होता.
– तू खाली ठेवलावतास.
– मी फक्त पाणी प्यायला गेलोवतो.
– मग मी कधी घेऊ?
– त्या भिंतीपर्यंत नेतो, मग घे.

मागणी, कारणासकट नकार, वस्तुस्थितीवर हरकत, नवी माहिती, अटीवर माघार, मोजता येईल असा प्रस्ताव. अर्ध्या मिनिटात सगळं उरकलं. तिसऱ्या वाक्याला ताई "काय चाललंय रे?" म्हणत आली असती तर पुढची तीन वाक्यं झालीच नसती.

प्रश्न असे: कोणत्या वयात मुलाला काय म्हणता येतं? किती थांबायचं? "सॉरी म्हण" ठेवायचं की काढायचं? आणि भांडणाची वाक्यं आधी शिकवता येतात का?

दगडफूल

दोन वर्षांच्या मुलाची संपूर्ण दंडसंहिता: कलम १, माझं. कलम २, तुझं तेही माझं. कलम ३, मला नको असलेलं पण तू उचललेलं, तेही माझंच.

खारूताई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर, वाचा-उपचाराच्या बाजूने. वयं ढोबळ धरा, मुलामुलांत सहा-आठ महिन्यांचा फरक सहज पडतो.

दीड ते दोन: ओढणं, ढकलणं, किंचाळणं, सोबत "नाई" आणि "माझं". इथे "बोलून सोडवा" म्हणण्यात अर्थ नाही. मोठ्या माणसाने मुलाच्या वतीने एक छोटं वाक्य म्हणायचं: "मला हवंय."

अडीच ते तीन: वाक्य येतं पण हात आधी जातो. "दे", "थांब", "मी घेणार". कारण क्वचितच.

तीन ते चार: कारण येतं आणि ते जवळपास नेहमी एकच असतं, "मी आधी". आधी कोण होतं याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. ते खोटं बोलणं समजू नका. कारण दिलं की वस्तू मिळते हे कळलंय, कारण खरं असावं लागतं हे अजून पुरतं कळायचंय.

चार ते सहा: देवघेव. "तू हे घे, मी ते घेतो", "दिलंस तर माझ्या बाजूला बस". धमक्यासुद्धा याच वयात फुलतात.

दोन गोष्टी ताईंना नक्की सांगा. पहिली, "नंतर देईल हं तो" हे तीन वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. "पाच झोके झाले की तू" हे सांगतं, कारण झोके मोजताना दिसतात. तसंच "जर तू दिलंस तर" पेक्षा "आधी तो, मग तू" लवकर कळतं.

दुसरी, "त्याला कसं वाटेल सांग?" हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं साधारणपणे नव्या जागेकडे बोट दाखवतात, चार ते पाचच्या दरम्यान उत्तर बदलतं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं हेच ज्याला अजून नीट उमगलेलं नाही, त्याला मनातलं ओळखायला लावू नका. दिसतंय ते दाखवा: "बघ, तो रडतोय. हात लाल झालाय."

पाटीपेन्सिल

खारूताई, प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा.

मध्ये पडायचंच झालं तर अमेरिकेतल्या मिशिगनच्या हायस्कोप या बालवाडी-शिक्षणपद्धतीतल्या सहा पायऱ्या प्रशिक्षणात उपयोगी पडतात. शांतपणे जवळ जा आणि मारामारी थांबव. भावना बोलून दाखव. काय झालं ते दोघांकडून ऐक. तंटा काय आहे ते पुन्हा मांड. उपाय त्यांच्याकडून माग आणि दोघांना पटेल तो ठरवू दे. नंतर पाठपुरावा कर.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात बिघडतं ते असं.

वस्तू. ताई ट्रक हिसकावून पाठीमागे लपवते. मग भांडण "ताईने ट्रक घेतला" यावर सरकतं. ट्रक दोघांच्या मध्ये, दोघांना दिसेल असा धरायचा आणि म्हणायचं, "ठरेपर्यंत हा मी धरून ठेवते." आपण उकिडवं बसायचं, उभ्याने नाही.

प्रश्न. "का केलंस?" याला चार वर्षांच्या मुलाकडे उत्तर नसतं, ते मान खाली घालतं आणि आपण त्याला गुन्हेगार समजतो. "काय झालं?" विचारा. एकाचं ऐकताना दुसरा मध्ये बोलणारच, त्याला "गप्प" म्हणायचं नाही. त्याच्या दंडावर हात ठेवून "तुझंही ऐकणार आहे, याचं झालं की लगेच" म्हणायचं आणि खरंच ऐकायचं. हे एकदा चुकवलं की पुढच्या वेळी कोणी थांबत नाही.

पुन्हा मांडणं. ही पायरी ताया हटकून गाळतात. "तुलाही ट्रक हवाय, ह्यालाही हवाय, ट्रक एकच आहे." बस. यात "त्याने घेतला" नाही, "तू मारलंस" नाही. बरेचदा हे वाक्य ऐकल्यावर मुलं आपणहून पुढचं बोलतात.

उपाय. इथे घाई नडते. मुलं विचार करतात तेव्हा शांतता पसरते, ती आपल्याला सोसत नाही आणि आपण "पाच पाच मिनिटं खेळा" सांगून मोकळे होतो. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आणि त्यांचा उपाय आपल्याला अन्यायाचा वाटला तरी दोघं राजी असतील तर चालू द्या. "ट्रक तू घे, पण रिक्षाचा आवाज मी काढणार" हा करार मोठ्यांना येडचाप वाटतो, पण टिकतो.

आडनावनको

असहमत, आणि जरा जोरात असहमत.

एक ताई, एक मदतनीस, पंचवीस पोरं. सहा पायऱ्यांना चार मिनिटं धरा. तेवढ्यात मागे तीन भांडणं नवी. हे घरी ठीक, वर्गात दिवसातून एखाद-दुसऱ्या भांडणालाच जमेल.

आणि मुळात मुलांकडे स्वतःची यंत्रणा आहे, तिच्याकडे कोणी बघतच नाही. यादी करू या का?

चकणं. राज्य कोणावर यावरून खेळ मोडू नये म्हणून. सगळ्यांनी तळहात उलटा नाहीतर सुलटा टाकायचा, वेगळा पडेल तो सुटला. शेवटी दोघं उरले की वेगळं पडणं शक्यच नाही, म्हणून आधी सुटलेला एक जण मदतीला हात घालतो. हा नियम कुठल्या बाईंनी शिकवला? भांडण होतं ते फक्त "हात उशिरा टाकला" यावर, आणि त्यालाही तोडगा ठरलेला: पुन्हा टाका.

टाइमप्लीज. बुटाचा बंद सुटला, ठेच लागली, सू लागली, की खेळ गोठतो. त्याचा गैरवापर होतोच, पकडायच्या क्षणी टाइमप्लीज. मग मुलंच नियम घालतात, "तीनदाच" किंवा "पळताना नाही".

लिंबूटिंबू. धाकटा भाऊ गळ्यात पडलाय, त्याला घेतलं तर खेळाचा विचका, नाही घेतलं तर तो आईकडे जाणार. मग तो लिंबूटिंबू: खेळायचं, पण आउट झालास तरी राज्य नाही. अख्ख्या भांडणाची सोय सुरू व्हायच्या आधीच लावली.

कट्टी. बोलणं बंद, पण जाहीर करून बंद. आणि जाहीर केलेलं मोडायचाही ठरलेला विधी आहे, दोन बोटं पुढे करून बट्टी. माफी मागावी लागत नाही, चूक कोणाची ते ठरवावं लागत नाही. "बारा वर्षं बोलू नको" वाली कट्टी डबा खायच्या सुट्टीपर्यंत टिकली तरी पुष्कळ.

नानाफडणीसनाही

मायबाप हो, यातली कट्टी मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लागू करता येईल का? "सोसायटी ग्रुपला कट्टी, पाणी आलं की बट्टी."

ओसरी

@आडनावनको, यादी उत्तम. पण चकणं, टाइमप्लीज ही पाच-सहा वर्षांपासून पुढची. साडेतीनच्या मुलाला चकायला दिलं तर तो हात टाकतो आणि दुसऱ्याचा बघून उलटा करतो.

भिंगरी_भिंगरी

ओसरीताईंशी सहमत. मानसशास्त्रज्ञ पियाजेने स्वित्झर्लंडमधल्या मुलांना गोट्यांच्या नियमांबद्दल खोदून खोदून विचारलं होतं, १९३२ मध्ये ते छापून आलं. लहान मुलं नियम पवित्र, बदलताच येणार नाहीत असं म्हणत आणि खेळताना आपल्या मनाने खेळत. मोठी मुलं उलट: नियम सगळ्यांच्या संमतीने बदलता येतो म्हणत आणि ठरला की पाळत. "रडीचा डाव" अशी ओरड पाच वर्षांच्या मुलावर होते तेव्हा बरेचदा तो रडी नसतो, त्याच्या लेखी नियम अजून दोघांत मिळून केलेला करार झालेलाच नसतो.

दुसरा मुद्दा, सगळं भांडण वस्तूवरून नसतं. "तू आमच्यात नाहीस" हे ट्रकपेक्षा अवघड, कारण त्यात पाळी लावता येत नाही. "माझ्या बड्डेला तुला बोलवणार नाही" ही धमकी वाढदिवस आठ महिने लांब असतानाही चालते.

शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी आपल्या वर्गात नियमच आणला होता: कोणाला "तू खेळायचं नाहीस" असं म्हणता येणार नाही. नियम लावायच्या आधी त्यांनी तो मुलांसमोर चर्चेला ठेवला, मोठ्या वर्गांतल्या मुलांनाही विचारलं. मला हा नियम अर्धाच पटतो. समाजशास्त्रज्ञ विल्यम कोर्सारो यांनी बालवाड्यांत बसून जे टिपलं त्यात दिसतं की आतली मुलं नेहमी दुष्टपणाने नाही म्हणत नाहीत. त्यांचा रंगात आलेला खेळ फार नाजूक असतो, नवा आला की मोडेल ही भीती असते.

म्हणून बाहेरच्या मुलाला "मला घ्याल का?" शिकवू नका. या प्रश्नाचं सोपं उत्तर "नाही" आहे. त्यापेक्षा: जवळ उभं राहून बघ, काय चाललंय ते ओळख, बाजूला तसंच काहीतरी सुरू कर, मग खेळातलंच वाक्य टाक. घर-घर चाललं असेल तर "टकटक, दूधवाला!" दूधवाल्याला हाकलणं अवघड असतं. आई आणि बाबाच्या भूमिका मात्र आधीच गेलेल्या असतात, त्या मागायला गेलं की भांडण ठरलेलं.

दगडफूल

दूधवाला झाला की गॅसवाला, मग कुरिअरवाला, मग घरात आई एक आणि दारात नऊ जण.

खिडकीची_सीट

या धाग्यावर अजून कोणी भाषेचं बोललं नाही. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीतलं साडेतीन वर्षांचं मराठी मूल घ्या. वर्गात इंग्रजीच बोलायचं असा दंडक. त्याला भांडणासाठी इंग्रजीतलं एकच वाक्य येतं: "टीचर, ही इज पुशिंग मी." हे समोरच्या मुलाशी बोलायचं वाक्यच नाही, ती तक्रार आहे. मग सगळे म्हणतात, हल्लीची मुलं फार चहाड्या करतात. चहाडीखेरीज दुसरं काही बोलायची भाषा आपणच काढून घेतली आहे. "अरे माझं होतं ना ते", "थांब की जरा", "बरं, एकदाच हं" यातला "ना", "की", "हं" गेला की नरमाईच गेली. उरलं "गिव्ह मी".

हेच घरी पावरी, भिली किंवा वारली अशी आदिवासी भाषा बोलणाऱ्या मुलाचं मराठी बालवाडीत होतं. भांडण मुलाच्या घरच्या भाषेत होऊ द्यावं. ताईला ती भाषा येत नसेल तर पाड्यावरच्या मदतनीसाला पुढे करावं. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला बालवाडी थेट पाड्यावरच्या अंगणात नेली, त्याचा हाही एक फायदा धरायला हरकत नाही.

पाटीपेन्सिल

+१०० @खिडकीची_सीट. हे टिपणात आलंच पाहिजे.

इसारकाठ

म्युनिकहून. इथल्या पाळणाघरांत मुलांना सर्रास शिकवतात: तळहात पुढे, मोठ्याने "श्टॉप!" आणि ऐकणाऱ्याने थांबायचंच. घरी मराठी आणि बाहेर नुकतं जर्मन शिकणाऱ्या मुलाला ही सोय मोठी, एका शब्दात काम होतं.

पण दोन अडचणी. एक, शब्द सत्तेचा होतो. कोणी नुसतं समोर बसलं तरी "श्टॉप". दोन, थांबलं तरी पुढे काय? म्हणून त्याला दुसरं वाक्य जोडून द्यावं लागतं: काय नको ते आणि काय हवं ते. मराठीत "थांब. ढकलू नको. मला इथे बसायचंय." तीन तुकडे, प्रत्येक एक ते तीन शब्दांचा. चिडलेल्या मुलाला यापेक्षा लांब वाक्य आठवत नाही.

हे भांडणाच्या वेळी शिकवून उपयोग नाही. बाहुल्या घेऊन, शांत वेळी, आठवड्यातून दोन-तीनदा पाच मिनिटं. एक बाहुली हिसकावते, दुसरी काय म्हणेल ते मुलांना विचारायचं. वर्गातल्या मुलांची नावं बाहुल्यांना अजिबात द्यायची नाहीत.

आडनावनको

आता सॉरी. माझ्या मते बंद करा. मूल मारतं, "शॉली" म्हणतं आणि परत मारतं. टोलनाक्यावर पावती फाडल्यासारखं.

शेवगा

एवढंही टाकाऊ नाही हो. आपल्याकडे पाय लागला तर नमस्कार करतोच की, मनात काही असो वा नसो. विधी आधी येतो, भाव मागून. मोठं होऊन ज्याला "चुकलं माझं" म्हणताच येत नाही त्याचं काय?

खारूताई

मधला रस्ता: जबरदस्तीचं सॉरी नको, पण भरपाई हवी. मनोरा पाडला? चल, चार ठोकळे तू लाव. लागलं? ओला रुमाल तू आण. हाताने करायचं काम तीन वर्षांच्या मुलाला कळतं. फक्त ज्याचा मनोरा होता त्याला आधी विचारा. पुष्कळदा त्याला पाडणारा जवळ नकोच असतो आणि आपण उदारपणे त्याला मदतनीस म्हणून पाठवतो. दुसरं भांडण तिथेच.

भिंगरी_भिंगरी

एक धोक्याची पाटी लावते. वरचं सगळं बरोबरीच्या भांडणाला. रोज तोच मुलगा, त्याच मुलीला, आणि ती कधीच जिंकत नसेल तर ते भांडण नव्हे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून "उपाय सुचवा" म्हणणं म्हणजे तिला स्वतःच्या त्रासावर घासाघीस करायला लावणं. तिथे थांबवायचं, वेगळं करायचं, त्या मुलावर लक्ष ठेवायचं, पालकांशी बोलायचं. चावणं, गळा धरणं, डोळ्याशी काठी, तिथेही दहापर्यंत मोजत बसू नका.

काजूची_बोंड

गोंयच्यान. भावंडांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ हिल्डी रॉस यांचं काम यावरच आहे. आईबापांना मध्यस्थी शिकवली: नियम आधी सांगा, मुद्दा कोणता ते ठरवा, एकमेकांचं ऐकवा, निर्णय मात्र मुलांवर सोडा. अशा घरांतली मुलं मध्यस्थी न शिकलेल्या घरांतल्या मुलांपेक्षा भांडण जास्त समजुतीने सोडवताना दिसली. ती मुलं ५ ते १० वयाची होती, तेव्हा तीन वर्षांच्या बाळावर ताणू नका.

आणि "तू मोठा आहेस, तू सोड" हे वाक्य काढून टाका. मोठा बोलणं सोडतो, धाकटा रडणं शिकतो.

अवांतर: कोर्सारोंनीच इटलीतल्या बालवाड्यांतही काम केलं. तिथली मुलं मजा म्हणून गटात कडाकडा वाद घालतात, हातवारे करकरून, आणि तो मैत्रीचाच भाग. आमच्याकडे कोपऱ्यावरच्या तिंटोवर (बाजाराच्या नाक्यावर) फुटबॉलवरून चालतं तसंच. म्हणून सगळा गलका म्हणजे भांडण नव्हे.

ओसरी

सगळ्यांचे आभार, टिपणाचा कच्चा खर्डा झाला. माझ्या मूळ दुसऱ्या प्रश्नाला मात्र तुम्ही "दहापर्यंत मोजा" सोडून काही दिलं नाहीत. ताई उभी आहे, समोर गलका आहे, जायचं की नाही?

पाटीपेन्सिल

आवाज वाढला म्हणून जायचं नाही. आवाज एकाचाच उरला की जायचं. दोघं ओरडत असतील तर अजून बोलणी चालू आहेत. एक गप्प झाला, मागे सरकला, भिंतीला टेकला, की उठा. मूठ वळली किंवा हातात जड ठोकळा आला तरी उठा. एरवी चार पावलं जवळ जाऊन नुसतं उभं राहा, बघताय हे दिसू द्या, बोलू नका. मूल तुमच्याकडे वळून "ताई हा बघा ना" म्हणालं तर "त्याला सांगितलंस का?" एवढंच. नाही सांगितलं म्हणालं तर सोबत चला, पण बोलू त्याला द्या.

शेवगा

सामानाचंही लिहा. अडीच-तीनच्या वर्गात आवडता ट्रक, तीनचाकी जोडीने ठेवा, नाहीतर दिवस नुसत्या ओढाताणीत जातो. पाचच्या वर्गात सगळंच जोडीने ठेवलंत तर बोलायला कारणच उरत नाही, तिथे झोका एकच बरा. पाळीसाठी वाळूचं घड्याळ चांगलं, दोन-तीन मिनिटांचं, काचेचं नको प्लॅस्टिकचं. काटे न समजणाऱ्या मुलालाही वाळू संपलेली दिसते.

दगडफूल

आणि घड्याळ कोणी उलटं करायचं, यावरून जे होईल त्याचं?

शेवगा

होतंच. ज्याची पाळी पुढची, तो उलटं करणार. पहिल्या दिवशीच ठरवून टाका.